चालतं, पण जरा पुढे जातं

आमच्या भावजींना बाजारात नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सगळे त्यांना ‘चालतंका’ म्हणतात, आणि तेही तोंडावर. यातला अर्धा दोष त्यांच्या धंद्याचा. ते घड्याळं दुरुस्त करतात, आणि घड्याळ परत न्यायला आलेला माणूस दुसरं काय विचारणार? ‘चालतं का?’ असंच विचारणार. उरलेला अर्धा दोष मात्र त्यांचा स्वतःचा. गिऱ्हाईक गेलं रे गेलं की तेच दोन शब्द घेऊन भावजी जगाला विचारत सुटतात. अमुक चालतं का, तमुक चालतं का. आपल्या धर्मात, हे त्यात समजून घ्यायचं.

भावजी म्हणजे माझ्या आपाचे, मोठ्या बहिणीचे नवरे. मी त्यांच्याच घरी राहते आणि त्यांच्याच दुकानाचा अर्धा भाग वापरते. मधे प्लायवूडची फळी ठोकलेली आहे. पलीकडे त्यांचं काचेचं कपाट, डोळ्याला लावायचं भिंग आणि चिमटे. अलीकडे माझं शिलाई मशीन. लोकांचे कपडे मी आत घेऊन देते, सैल करून देते, चेन बदलून देते. फळी इतकी पातळ आहे की पलीकडे शिंक आली तरी इकडे कळतं. तेव्हा मी जे सांगते आहे ते माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. आणि मेहुणीला भावजींची थट्टा करायचा हक्क असतो, तो मी कधी सोडलेला नाही.

एकदा एक गृहस्थ सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ घेऊन आले. आमच्यात पुरुषानं सोनं घालायचं नसतं हे लहान मुलालाही ठाऊक असतं. भावजींचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. जो घालतो त्याला ते दुरुस्त करून देणं चालतं का? आठवडाभर घड्याळ पोट उघडं टाकून पडून राहिलं. शेवटी मशिदीतले मौलवीसाहेब म्हणाले, ‘अहो, तुम्ही यंत्राचं बघा, पट्ट्याचं तो बघेल.’ भावजींनी यंत्र दुरुस्त केलं, पण पट्टा कागदात गुंडाळून परत दिला. त्या माणसाला वाटलं, किती जपून काम करतात, आणि तो खूश होऊन गेला.

दाढी चाळिशीतच पिकली तेव्हा काळा रंग नको, मेंदी चालते, असं उत्तर मिळालं. ती मेंदी इतकी लाल चढली की महिनाभर मी त्यांना सिग्नल म्हणत होते. अत्तरात स्पिरिट असतं का? औषधाच्या कॅप्सूलचं वरचं टरफल कशाचं बनवतात? भिंतीवरच्या एका घड्याळातून लाकडी पक्षी बाहेर येऊन ओरडायचा, ती आमच्यात मना असलेली जिवाची प्रतिमा धरायची का? तो पक्षी दुरुस्त होईपर्यंत कपाटात भिंतीकडे तोंड करून बसला होता. मुलीचा वाढदिवस करावा की नाही, याची दोघांकडून दोन उत्तरं मिळाली, म्हणून आमच्याकडे केक नेहमी दुसऱ्या दिवशी कापला जातो. त्या दिवशी वाढदिवस नसतोच, मग कोण काय म्हणणार?

मौलवीसाहेब वयानं थकलेले आणि भलते सोशिक. एका कानानं त्यांना ऐकूच येत नाही, दुसऱ्यानं बेताचं. त्यांनी भावजींना कितीदा समजावलं असेल. ‘मुळात सगळं चालतं. जे मना केलंय तेवढंच मना. तुम्ही उलट्या टोकापासून मोजता. आपला दीन, आपला धर्म सोपा आहे हो, तुम्ही कशाला अवघड करताय?’ भावजी मान डोलवायचे, दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. ‘पण मौलवीसाहेब, एक विचारायचं राहिलंच.’

हे हसण्यासारखं आहे आणि मी हसतेच. पण ते नमाजच्या आधी हात धुवायला बसले की मला हसू येत नाही. धुतात, उठतात, कोपर कोरडं राहिलं का म्हणून पुन्हा बसतात. पुन्हा उठतात, पुन्हा बसतात. शेवटी आपा येऊन नळ बंद करते. याला वसवसा म्हणतात, मनात सतत शंका पेरत राहतो तो. आणि त्याला कारण आहे. भावजींची आई शेवटच्या आजारात खोकून खोकून बेजार झाली होती. भावजी तिला स्वतःच्या हातानं चमच्याचमच्यानं औषध पाजायचे. ती गेल्यावर बाटली टाकायला घेतली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं. त्यात अल्कोहोल होतं. ‘मी आईला काय पाजलं?’ एवढंच ते कितीतरी दिवस म्हणत होते. मौलवीसाहेबांनी सांगितलं, औषध होतं, गरज होती, तुम्हाला माहीतही नव्हतं, यात पाप कुठलं आलं? भावजींनी ऐकून घेतलं. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमचे भावजी पाणीसुद्धा फुंकायला लागले.

त्यांना एकच मुलगी. घरात तिला सगळे बोलकी म्हणतात, कारण ती बोलायचीच नाही. शाळेत घालायची वेळ आली तरी धड शब्द निघत नव्हता, आणि मग निघाला तो अडखळत. भावजी तिला दुकानात शेजारी बसवायचे आणि कपाटातलं एकेक घड्याळ दाखवून विचारायचे, ‘याच्यात किती वाजले?’ दुरुस्तीला आलेली घड्याळं ती, प्रत्येकाची वेळ वेगळी. पोरीला दिवसभर उत्तरं द्यावी लागायची. ती कितीही अडली तरी भावजी मधे शब्द पुरवायचे नाहीत. फळीच्या अलीकडे मी तिच्या तोंडातून ‘सव्वा’ बाहेर पडायची वाट बघत सुई धरून थांबलेली असायचे. असा तो आवाज मोकळा झाला. आज ती बोलते तेव्हा अक्षर न् अक्षर सुटं ऐकू येतं.

तोच आवाज तालुक्याच्या बसस्थानकाच्या लोकांना आवडला. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते ते माईकवर सांगायला त्यांना माणूस पाहिजे होतं. बोलकीनं चाचणी दिली आणि पहिली आली. सोमवारपासून यायचं, आणि येणार की नाही ते शनिवारपर्यंत कळवायचं, असं तिला सांगितलं. त्या दिवशी भावजींनी आपणहून मला चहा मागवला, जे सहसा घडत नाही. ‘माझी बोलकी सगळ्या स्थानकाला वेळ सांगणार,’ असं ते सेल बदलायला आलेल्या माणसालाही सांगत होते. चालतं का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

दुसऱ्या दिवशी समोरचा मोबाइलवाला आला. हा दिवसभर फोनवर कुणाकुणाची प्रवचनं ऐकतो आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या हळकुंडानं पिवळा होतो.

‘चालतंकाभाई, मुलगी माईकवर बोलणार म्हणे?’

‘हो, सोमवारपासून.’

‘म्हणजे हजारो परके पुरुष रोज तिचा आवाज ऐकणार.’ मग अगदी सहज म्हणाला, ‘बाईच्या आवाजालाही पडदा असतो. तुम्हाला माहीत असेलच.’

माहीत असेलच, या दोन शब्दांनी घात केला. पलीकडे चिमटा काचेवर पडल्याचं मला ऐकू आलं. मी बसल्या जागेवरून आवाज चढवला. ‘का हो, तुमच्याकडे बायका रिचार्जला येतात त्या काय खुणा करतात?’ तो हसत हसत निघून गेला, पण त्याचं काम झालं होतं. भावजींच्या कानात किडा सोडून तो मोकळा झाला.

त्या दिवशी जेवताना आमच्या घरात वकिली झाली. आपा मुळात कमी बोलते, पण नवऱ्याशी वाद घालायचा तर तिच्याकडे दाखले असतात. ‘अहो, भाजीवाली दारात ओरडते तेव्हा तुम्ही कान झाकता का? आणि पैगंबरांच्या बीबी हजरत आयेशांनी मोठमोठ्या लोकांना शिकवलं, ते काय न बोलता?’

‘त्या पडद्याआडून शिकवायच्या,’ भावजी म्हणाले.

‘मग ही तरी कुठे फलाटावर उभी राहणार आहे? बंद खोलीत बसून बोलणार. भिंत आहे की मधे.’

भावजींना पटलं. पुढचा घास उचलेपर्यंत पुन्हा पटेनासं झालं. ‘पण बोलण्यात लाडीगोडी नको, असं आहे ना.’

बोलकी म्हणाली, ‘अब्बा, फलाट क्रमांक चार, यात मी लाडीगोडी कुठे घालू?’

आम्ही हसलो, भावजीही हसले. मग त्यांनी ताट बाजूला सारलं आणि उठून हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

पुढचे दोन-तीन दिवस फार वाईट गेले. भावजी खाईनात, धड बोलेनात. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचे काटे उलटे बसवून दिले, जे त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. मी खनपटीला बसले तेव्हा म्हणाले, ‘तिला बोलायला मी शिकवलं. ते बोलणंच तिच्या अंगावर शेकलं तर? वर गेल्यावर मला विचारतील, हेच का शिकवलंस?’ मला काळजी वेगळीच लागली होती. घरात ताण असला की बोलकीची जीभ जड व्हायची, लहानपणापासूनचं होतं ते, आणि त्या आठवड्यात तिचा ‘स’ पुन्हा अडकायला लागला होता. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण ही पोर पुन्हा गप्प झाली तर तिला परत बोलती करायची ताकद भावजींमध्ये उरली नव्हती, हे मला दिसत होतं.

गुरुवारी ती त्यांना म्हणाली, ‘अब्बा, तुम्ही स... सगळ्यांना विचारताय. मला काय चालतं ते कधी विचारणार?’

भावजींनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग म्हणाले, ‘उद्या जुम्मा आहे. मौलवीसाहेबांना एकदा विचारतो. ते म्हणतील तसं.’

शुक्रवारी नमाजहून परत आले ते सरळ खुर्चीत बसले. मी मशीन सोडून फळीच्या कडेला जाऊन उभी राहिले.

‘काय म्हणाले?’

‘म्हणाले, चालतं की.’

माझा जीव भांड्यात पडला. भावजी मात्र हलले नाहीत.

‘चालतं, पण जरा पुढे जातं, म्हणाले. मागे घ्या.’

‘मागे घ्या म्हणजे काय?’

‘म्हणजे अर्ज. दुसरं काय असणार?’

‘तुम्ही नीट विचारलंत ना?’

‘सगळं सांगितलं, पहिल्यापासून. आवाज, माईक, परके लोक. शेवटी विचारलं, चालतं का. त्यांनी वर बघितलं, घटकाभर थांबले, आणि मग बोलले. वर बघून बोलले म्हणजे वरच्याला स्मरून बोलले. काम मुळात वाईट नाही, पण एवढ्या लोकांसमोर म्हणजे हद्दीच्या जरा पुढे जातं. बरोबरच आहे त्यांचं.’

मला उठून मौलवीसाहेबांकडे जावंसं वाटलं, पण ते मशिदीतूनच परस्पर स्वतःच्या लेकीच्या गावाला निघाले होते. सोमवारशिवाय परतणार नव्हते. भावजी भिंग डोळ्याला लावून बसले. समोर घड्याळ नव्हतं.

शनिवारी बोलकीनं स्थानकावर फोन केला. आम्ही तिघं तिथंच होतो. ‘घ... घरून नाही म्हणतायत,’ एवढं बोलायला तिला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. पलीकडचे साहेब म्हणाले, ठीक आहे, सोमवारी दुसऱ्या नंबरच्या मुलीला बोलावून घेतो. बोलकी रडली नाही. तिनं फोन ठेवला आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत बसली. त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही. मला भावजींचा भयंकर राग आला होता, मौलवीसाहेबांचाही आला होता. आणखी वर कुणाचा यायला नको म्हणून मी दुकानात जाऊन मशीन जोरात चालवत बसले.

रविवारी दुपारी मशिदीचे खादिम दुकानात आले. झाडलोट, पाणी, चटया, सगळं हेच बघतात. मशिदीतलं लंबकाचं मोठं घड्याळ भावजींनी नुकतंच साफ करून परत टांगलं होतं, त्याची तक्रार घेऊन ते आले होते.

‘अहो चालतंका, घड्याळ अजून तसंच आहे की. लोक धावत येतात आणि बघतात तर अजून अवकाश. मौलवीसाहेब जाताना सांगून गेले ना तुम्हाला?’

‘काय सांगून गेले?’ भावजींनी विचारलं.

‘हेच. मी शेजारीच उभा होतो. तुम्ही विचारलंत, चालतं का. त्यांनी वर घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, चालतं की, पण जरा पुढे जातं, मागे घ्या.’

माझा पाय मशीनवरून आपोआप निघाला.

‘पण मी तर मुलीचं...’ भावजी म्हणाले.

‘मुलीचं काय? ते काही मला ऐकू आलं नाही. त्यांनाही नसेल आलं. तुम्ही पुटपुटत होतात, आणि तेही डाव्या कानात. तो कान कधीचा गेलाय. त्यात चपला शोधणाऱ्यांचा गलका. शेवटचं तेवढं मोठ्यानं विचारलंत.’

खादिम गेले. मी फळीला वळसा घालून पलीकडे गेले. आयुष्यभर ज्यांची टिंगल केली त्यांची याहून मोठी फजिती मला मिळणार नव्हती, पण हसायला तोंड उघडेना. भावजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

‘तुम्ही घड्याळाचा निकाल पोरीला लावलात,’ मी म्हटलं. जरा जास्तच लागेल असं म्हटलं, पण म्हटलं.

त्यांनी लगेच मौलवीसाहेबांना फोन लावला. वाजत राहिला. फोन त्यांच्या पिशवीत असतो आणि पिशवी खुंटीला, ऐकणार कोण? संध्याकाळपर्यंत भावजी दर थोड्या वेळानं लावत होते.

‘म्हणजे त्यांनी नाही म्हटलेलं नाही,’ ते म्हणाले.

‘नाही.’

‘पण हो पण म्हटलेलं नाही.’

‘तेही नाही.’

गुरुवारी घोडं जिथं अडलं होतं तिथंच पुन्हा येऊन उभं राहिलं. मधल्या मधे नोकरी तेवढी गेली होती. आपा स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘उद्या सकाळी तिला घेऊन जा. त्या दुसऱ्या मुलीला फोन जायच्या आत जा.’ तिनं वळूनही बघितलं नाही, आणि भावजींनीही चालतं का म्हणून विचारलं नाही.

सोमवारी पहिली गाडी धरून भावजी, बोलकी आणि मी तालुक्याच्या स्थानकावर पोचलो तेव्हा कार्यालय नुकतंच उघडत होतं. स्थानकप्रमुखांची खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून सगळे फलाट दिसतात. चष्मा कपाळावर चढवून ते कागद चाळत होते. बोलकीनं सांगायला सुरुवात केली, अडली, म्हणून पुढचं मी सांगितलं. गैरसमज झाला, असं म्हटलं. कसला गैरसमज, ते सांगायला बसले असते तर त्यांनी आम्हाला वेड्यात काढलं असतं.

त्यांनी फोनचा रिसीव्हर उचललाच होता. तो हातात धरूनच ते म्हणाले, ‘शनिवारी घरून नाही. आज घरून हो. उद्या काय म्हणाल? मला इथे रोज माणूस लागतं. एक दिवस माईक बंद राहिला तर लोक माझ्या अंगावर येतात.’ मग भावजींकडे वळले. ‘तुम्ही वडील ना? तुमचं नक्की काय, ते एकदा सांगून टाका.’

‘एक मिनिट,’ असं म्हणून भावजी बाहेर व्हरांड्यात गेले.

दाराच्या काचेतून मला ते दिसत होते. फोन कानाला, दुसरा हात कठड्यावर. ओठ हलत होते, पण ते कुणाशी बोलत नव्हते, नुसतं काहीतरी म्हणत होते. आत साहेब दुसऱ्या मुलीचा नंबर शोधत होते. बोलकी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. माझी पाचावर धारण बसली. मीच हो म्हणून टाकावं असं मनात आलं, पण मावशीच्या होकाराला विचारतं कोण? त्यांच्या जागी मीही विचारलं नसतं.

भावजी आत आले.

‘लागला?’ बोलकीनं विचारलं.

‘नाही.’

ते टेबलासमोर उभे राहिले. ‘साहेब, मला नक्की माहीत नाही,’ ते म्हणाले. साहेबांनी नंबरावर बोट ठेवलं. ‘मला नक्की कशाचंच माहीत नसतं. पण हिला बसवा. गुन्हा असला तर माझ्या माथी.’

‘गुन्हा?’ साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ‘अहो, गाड्या कुठं लागतात ते सांगायचंय.’ आणि त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

कुणाच्या पापाचं ओझं दुसरा कुणी उचलत नाही, हे आमच्यात सगळ्यात आधी शिकवतात. मला तर ते भावजींनीच एकदा ऐकवलं होतं. ते पाठ असताना हा माणूस तसं बोलला. यावरून मी त्यांना कधी चिडवलेलं नाही आणि चिडवणारही नाही.

बोलकीला लगेच कामाला लावलं. सकाळी जुन्या माणसाशेजारी बसून ऐकायचं आणि दुपारनंतर स्वतः बोलायचं. भावजी घरी यायला तयार होईनात. दुकान बंद ठेवून आम्ही खाली बाकावर बसलो. वर खांबाला जुना कर्णा होता, मधूनमधून खरखरायचा.

दुपारी तो खरखरला आणि मग शांत झाला. शांतता लांबली. ती माईकसमोर बसली आहे आणि पहिला शब्द अडलाय, हे त्या सगळ्या गर्दीत आम्हा दोघांनाच कळत होतं. मी भावजींचा दंड धरला. ते कर्ण्याकडे बघत होते, ओठ घट्ट मिटलेले. मग आवाज आला. फलाट क्रमांक दोन, गाडी सुटण्यास तयार. सुटी सुटी अक्षरं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

भावजी मात्र आता लोकांकडे बघायला लागले. कोण मान वर करतो, कोण हसतो, कोण शेजारच्याला कोपरखळी मारतो. प्रत्येक वेळी तिचा आवाज आला की ते बाकावर पुढे सरकायचे आणि एकेका पुरुषाचा चेहरा तपासायचे. एकानं पोतं खांद्यावर टाकलं आणि पळाला. दुसऱ्यानं झोपलेल्या भावाला हलवून उठवलं. एक जण ‘दोन का तीन?’ असं बायकोला विचारत उलट्या दिशेनं गेला. आवाज कुणाचा, कसा, याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. सगळ्यांना आकडा पाहिजे होता.

‘तिचं कुणी ऐकतच नाहीये,’ भावजी मला म्हणाले. सुटल्यासारखे वाटले, पण थोडे नाराजही.

उन्हं कलली तेव्हा एका गाडीतून मौलवीसाहेब उतरले. खांद्याला तीच पिशवी. आम्हाला बघून ते बाकापाशी आले, सलाम झाला. ‘तुम्ही इथे कुठे? कुठे निघालात?’

भावजी उठून उभे राहिले. मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. आता हा माणूस विचारणार, पहिल्यापासून सगळं सांगणार, आणि उत्तर काहीही येऊ शकतं. वर पोर बोलत बसली होती. भावजींनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कर्ण्यातून गाडी पुकारली गेली.

मौलवीसाहेबांनी कानामागे हात धरला. ‘काय म्हणाली? आपल्याकडच्या गाडीचंच होतं वाटतं. या कर्ण्यातलं मला काही उमजत नाही.’

‘चार नंबरला लागलीय,’ भावजी म्हणाले.

‘नक्की?’

‘माझी मुलगी आहे ती. तीच बोलतेय.’

मौलवीसाहेबांनी कर्ण्याकडे बघितलं, मग भावजींकडे. ‘मग बरोबरच असेल,’ ते म्हणाले. ‘चला, गाडी चुकेल माझी.’ पिशवी सावरत ते लगबगीनं फलाटाकडे निघाले.

भावजी त्यांच्या पाठीकडे बघत उभे होते. गर्दीतून ते चौथ्या फलाटाकडे वळले तसे भावजी घाबरेघुबरे होऊन माझ्याकडे फिरले.

‘चारच म्हणाली ना ती?’ त्यांनी विचारलं.